डब्यावरचं नाव

२ मार्च

धाकटीस,

आशीर्वाद. थोरल्या जावेने द्यायचे असतात म्हणून देते आहे. त्यात मन किती आणि रीत किती, ते तू ओळखशीलच. तू हुशार आहेस, हे मी या घरात रोज ऐकते.

पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर आपलं दोघींचं बोलणं होत नाही. दोघे भाऊ हवापाण्याचं बोलतात, मग फोन आईंच्या कानाला लागतो, आणि मी ओट्याशी उभी राहून "हो गं", "बरी आहे गं", "तू जेवलीस का गं" एवढं ऐकते. इतका मऊ आवाज आई आमच्यासाठी काढत नाहीत. आमच्यासाठी वेगळा ठेवलाय. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. सासू मी सांभाळायची आणि माया टपालाने तुझ्याकडे जायची.

तुझा डबा पोहोचला. वर नाव नेहमीप्रमाणे आईंचं. पोस्टमन दारात उभा राहून मोठ्याने ते नाव वाचतो, मी सही करून घेते आणि आत नेऊन देते. म्हणजे या व्यवहारात मी हमाल. आत जर्दाळू होते, बिया काढलेले, चांगले मोठे, सुकवूनही अंगाने भरलेले. आईंनी मला एक दिला. एक. म्हणाल्या, "घे गं, धाकटीने पाठवलेत." जसं काही मला वाटलं असतं की आकाशातून पडलेत. मी म्हणाले, मला नको, दाताला चिकटतं. खोटं बोलले. मला जर्दाळू फार आवडतात. पण तुझ्या डब्यातला खाल्ला असता तर घशाखाली गेला नसता.

डबा त्यांनी कपाटात ठेवायला दिला नाही. उशाशी ठेवलाय, शालीच्या घडीखाली. तुला माहीत आहे, आपल्याकडे खाण्याची वस्तू कपाटात असते आणि किल्ल्या माझ्या कमरेला. त्यावरूनच तू जाताना दारात म्हणाली होतीस, "वहिनी, तुम्ही माणसंसुद्धा कुलपात ठेवता." तू बोलून गाडीत बसलीस. तुझ्या लक्षात असेल-नसेल. मी घरखर्चाची वही ठेवणारी बाई आहे, माझ्याकडे काही खोडलं जात नाही.

भाऊजींनी सांगितलं असेल, आईंना नवी कवळी करून दिली. दंतवैद्याकडे न जाता, दंतवैद्य ज्याच्याकडून कवळ्या करून घेतो त्या कारागिराकडेच मी त्यांना घेऊन गेले. वस्तू तीच, मधला माणूस वाचला. एका बैठकीत माप, दुसऱ्या बैठकीत कवळी. आईंनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "छान बसली." आता माझ्यासमोर बसून सगळं चावून खातात. तू डबे पाठवतेस. चावायला दात मी दिले, एवढं ध्यानात ठेव.

आता मुद्द्याचं. भाऊजी ह्यांना म्हणाले की आईंना आता कायमचं तिकडेच न्यायचं, तू खोली तयार केली आहेस, खिडकीजवळ पलंग टाकला आहेस. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "बघू." त्यांचं बघू म्हणजे हो. नाही असतं तेव्हा त्या सरळ नाही म्हणतात, निदान मला तरी.

मी देवाकडे स्वतःसाठी कधी काही मागत नाही. या वेळी मागितलं आहे, की त्यांचं जाणं टळू दे. तुझ्यापासून लपवून काय करायचं, तूही मागत असशील. बघू, तो कोणाचं ऐकतो.

– वहिनी


११ मार्च, हॉस्पिटलच्या बाकावरून

धाकटीस,

तुम्हाला फोन गेला आहे, तेव्हा आईंना इथे आणल्याचं कळलं असेल. फोनवर हे "पोट दुखतंय" एवढंच म्हणाले असतील. पुरुषांना पोट दुखतंय याच्या पुढे काही सांगता येत नाही. म्हणून मी लिहिते.

काल दुपारी जेवून पडल्या होत्या. उठून बसल्या आणि म्हणाल्या, कळ येतेय. मी ओवा-पाणी दिलं, शेकलं. कळ यायची, पिळवटून जायची, पुन्हा यायची. मग उलट्या सुरू झाल्या. आधी खाल्लेलं पडलं, मग हिरवं-पिवळं, आज सकाळी तर नको तसल्या वासाचं. पोट तबल्यासारखं ताठ झालं. वारासुद्धा सरेना. मी देवासमोर बसले आणि मला घाम फुटला. जाणं टळू दे असं मागितलं होतं मी. कसं टळू दे, ते सांगायचं राहिलं होतं.

इथे एक सर्जनबाई आहेत. तुझ्याच वयाच्या, तुझ्यासारख्याच भरभर बोलणाऱ्या. आईंच्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "आजी, कुठे दुखतं ते बोटाने दाखवायचं, माझ्यावर ओरडायचं नाही." आणि आई तेवढ्या कळेतही त्यांना "पोरी" म्हणाल्या. पहिल्या भेटीत. मला "सूनबाई" वरून "अगं थोरले" वर यायला कित्येक वर्षं लागली.

नाकातून नळी घातली, सलाईन लावलं. एक्स-रेमध्ये आतडं फुगून पायऱ्या-पायऱ्या झालेल्या दिसल्या. सर्जनबाईंनी मला फिल्म उजेडाकडे धरून दाखवली. म्हणाल्या, "रस्ता कुठेतरी बंद आहे. मागे सगळी गर्दी जमली आहे, पुढे काही सरकत नाही. आता बंद कशाने आहे ते शोधायचं. आधी कधी पोटाचं ऑपरेशन झालंय?"

"नाही," मी म्हणाले.

"हर्निया?"

"नाही."

"मग नेहमीची दोन कारणं गेली." त्या आईंकडे वळल्या. "आजी, वेगळं काही खाल्लंत का? बी, कोय, हाड? काही अख्खं गिळलंत?"

आईंनी भिंतीकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

मी म्हणाले, "माझ्या हातचं सोडून ह्यांच्या पोटात काही जात नाही, डॉक्टर. मऊ शिजवते, कालवून देते. खाण्याच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते."

त्यांनी लिहून घेतलं. "दात?"

"नवी कवळी आहे. सगळं चावून खातात."

तेही लिहून घेतलं.

मग सीटी काढला. त्यात लहान आतड्याच्या शेवटाकडे एक गोळा दिसतो, मध्ये हवेचे ठिपके. गाठ असू शकते म्हणाल्या, दुसरंही काही असू शकतं, पण आतडं ताणून काळं पडायच्या आत उघडून बघावंच लागेल. ह्यांनी सही केली. आधी चुकीच्या रेघेवर, मग बरोबर रेघेवर.

आत नेताना आईंनी माझा हात धरला. मला वाटलं, काही सांगतील. म्हणाल्या, "धाकटीला म्हणावं, घाबरू नको."

हात माझा धरला होता, हे लिहून ठेवते.

– वहिनी


१२ मार्च

धाकटीस,

ऑपरेशन झालं. आई शुद्धीवर आहेत. गाठ नव्हती. भाऊजींना हेच कळवलंय आणि तेवढं पुरेसं आहे.

काय होतं ते मला ठाऊक आहे, ह्यांना नाही. हे तेव्हा औषधं आणायला खाली गेले होते. आज लिहीत नाही. काही गोष्टी मुठीत धरून बसाव्याशा वाटतात.

– वहिनी


१४ मार्च

धाकटीस,

आता ऐक.

परवा सर्जनबाई बाहेर आल्या, टोपी तशीच डोक्यावर. "घरचं कोण आहे?" म्हणाल्या. मी उठले. त्यांनी हातातला स्टीलचा ट्रे पुढे केला आणि वरचं फडकं बाजूला केलं.

ट्रेमध्ये जर्दाळू होते. सुकलेले नव्हेत. फुगलेले, गोल, गुबगुबीत, जणू आत्ताच झाडावरून उतरवलेत. एकमेकांना चिकटलेले, अख्खे, दाताचा एक ओरखडा नाही.

"ओळखता?" त्या म्हणाल्या.

मी ओळखले. अंगाने भरलेले म्हणून मीच तुला लिहिलं होतं ना.

त्यांनी मला बाकावर बसवलं आणि स्वतःही बसल्या. सुकं फळ न चावता गिळलं की आत गेल्यावर पाणी पितं आणि मूळच्या आकाराचं होतं. जठरातून सुटतं, पण लहान आतडं शेवटाला अरुंद असतं, तिथे बूच बसतं. त्यांनी आधी ते हलकेच पुढे, मोठ्या आतड्यात ढकलायचा प्रयत्न केला. हलेना. मग आतड्याला लहानसा छेद देऊन एकेक काढलं आणि छेद शिवला. मागचा भाग काळपट पडला होता. तो कापायचा की ठेवायचा, हे ठरवायला गरम पाण्यात भिजवलेली फडकी त्यावर ठेवून थांबून राहिल्या. "आम्ही सगळे नुसते बघत उभे," म्हणाल्या. हळूहळू गुलाबी रंग आला. म्हणून ठेवलं.

"असं होतं का कुणाला?" मी विचारलं.

"क्वचित. नेहमीची कारणं ठरलेली असतात. पण क्वचितचंही कुणालातरी होतंच की. एका मुलीच्या पोटातून मी केसांचा गोळा काढलाय. ती स्वतःचेच केस चघळायची, घरात कुणाला पत्ता नाही. एका गृहस्थांच्या पित्ताशयातला खडा भिंत पोखरून आतड्यात उतरला होता आणि असाच अडकला. जर्दाळू मी पुस्तकात वाचले होते, हातात पहिल्यांदा आले." मग ट्रेवर फडकं टाकत म्हणाल्या, "असलं काही ओळखायचं तर घरच्यांनी सांगावं लागतं, काकू. तुम्ही म्हणालात, तुमच्या हातचं सोडून काही खात नाहीत."

मला सर्वांसमोर थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी खोटं बोलले नव्हते गं. तुझा डबा माझ्या डोक्यात आलाच नाही. तुझ्या डब्याला मी आमच्या घरच्या खाण्यात धरतच नाही.

पण आईंच्या तर डोक्यात होता. त्यांना विचारलं तेव्हा त्या शुद्धीत होत्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

काल जरा बोलण्याइतक्या झाल्या. नाकात नळी, आवाज घोगरा. मी ओठ ओले करत होते. पहिलं वाक्य काय म्हणाल्या, सांगू? "काय निघालं, ते तिला कळवू नका."

मी म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं?"

"अंदाज होता."

"मग डॉक्टर विचारत होत्या तेव्हा का नाही बोललात?"

"तिने एवढ्या प्रेमाने पाठवले. तिच्या जिवाला लागून राहिलं असतं."

मी हातातला कापूस तसाच ठेवला आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तिथे एक नळ गळत होता. एरवी मी गळता नळ बघू शकत नाही. मी तो तसाच गळू दिला.

धाकटे, तुझं नाव येऊ नये म्हणून त्या माउलीने पोट चिरून घेतलं. पुन्हा वाच हे वाक्य. माझ्या भाजीत मीठ कमी पडलं तर शेजारच्या घरापर्यंत आवाज जातो. माझा चहा पांचट, माझी चादर खरखरीत, मी दार जोरात लावते. माझ्या बाबतीत त्यांच्या पोटात एक गोष्ट राहत नाही, आणि तुझ्या बाबतीत आतडं बंद पडलं तरी तोंड उघडलं नाही. माझ्यासाठी या जन्मात कोणी इतकं गप्प बसलेलं नाही.

तर आता माझं म्हणणं ऐक. आई तिकडे येणार नाहीत. तू खिडकीजवळचा पलंग काढून टाक. तुला वाईट वाटू नये म्हणून जी बाई मरायला तयार आहे, तिला तुझ्या हवाली करणं बरोबर नाही. तुझ्याकडे तर ती ताप आला तरी सांगणार नाही. हे मी ह्यांना सांगणार आहे आणि भाऊजींनाही. ट्रेमध्ये काय होतं आणि ते कोणी पाठवलं होतं, दोन्ही. आई नको म्हणाल्या आहेत. असू दे. एवढी वर्षं मी त्यांचं सगळं ऐकलं.

देवाने माझं ऐकलं म्हणायचं. कसं का होईना.

– थोरली जाऊ


१७ मार्च

धाकटीस,

सोबत चौदा तारखेचं पत्रही घातलं आहे. आज टाकते, उद्या टाकते करत पिशवीतच राहिलं. फाडणार होते, पण फाडलं नाही. त्यातलं सगळं खरं आहे, फक्त अर्धं आहे. आधी ते वाच, मग हे.

पंधरा तारखेला आईंच्या नाकातली नळी काढली. पोट बोलू लागलं, वारा सरला. या वयात वारा सरल्यावर एवढा आनंद होईल असं मला वाटलं नव्हतं. हे तर नर्सला हात जोडायला निघाले होते. सर्जनबाई म्हणाल्या, आता घोट-घोट पाणी, मग पेज. नर्सने मला कवळी घेऊन यायला सांगितलं होतं. मी ती घासूनपुसून स्वच्छ रुमालात बांधून नेली. खरं सांगायचं तर मिरवतच नेली.

नर्सने आईंना तोंड उघडायला लावलं. आत बॅटरी धरली. मग जीभ बाजूला सारली आणि मला म्हणाली, "कवळी तशीच राहू द्या. इकडे या. बघा."

खालच्या हिरडीवर, आतल्या बाजूला एक जखम होती. लांबट, कडा पांढरट झालेल्या. समोरच्या बाजूला दुसरी, अर्धवट भरलेली. नर्सने कवळी हातात घेऊन जखमेशी धरली. कवळीची कड तंतोतंत तिथे बसत होती.

"ही चार दिवसांची नाही," नर्स म्हणाली. "महिना तरी टोचत असेल. आजी, ही घालून जेवत कशा होता?"

आईंनी भिंतीकडे पाहिलं.

धाकटे, ते बघणं मी ओळखलं. तीच मान, तीच भिंत. सर्जनबाईंनी काय गिळलं विचारलं तेव्हाची. त्या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न होता, दात आहेत का. त्याला उत्तर मी दिलं होतं. आणि मी देत असताना आई गप्प होत्या.

नर्स गेल्यावर मी पलंगाशी बसले. कवळी पुन्हा रुमालात बांधली. मग म्हणाले, "आई, कवळी कधीपासून टोचते?"

"टोचते कुठली. सवय व्हायची आहे."

"आई."

"पहिल्या दिवसापासून," त्या म्हणाल्या. "कारागीर बिचारा म्हणाला होता, पुन्हा एकदा या, घासून देतो. तू म्हणालीस, छान तर बसली आहे. मग मीही म्हणाले, छान बसली."

"मला सांगायचं होतं ना."

"तू किती कौतुकाने आणलीस. सगळ्यांना दाखवत होतीस. शेजारणीला माझं तोंड उघडून दाखवलंस, बाजारातल्या घोड्यासारखं." त्या हसायला गेल्या आणि टाके ओढले गेले म्हणून थांबल्या. "तू समोर असलीस की घालायचे. तू तिकडे गेलीस की काढून वाटीत. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, माझ्याकडे दोन्ही होतं आणि काही उपयोग नव्हता."

"म्हणून जर्दाळू न चावता गिळले?"

"चघळायचे गं आधी. मऊ पडेपर्यंत तोंडात धरायचे. एखादा विरघळायचासुद्धा. पण मध्येच तुझ्या किल्ल्या वाजायच्या."

मी कमरेला हात लावला. किल्ल्या तिथेच होत्या. हॉस्पिटलमध्येही घेऊन हिंडत होते.

"किल्ल्या वाजल्या की गिळायचे," आई म्हणाल्या. "तू बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, माझ्या हातचं जात नाही आणि तिचं बरं जातं. म्हणाली असतीस की नाही?"

"असते," मी म्हणाले.

"मग."

मी विचारलं, "डॉक्टरांना हेही नाही सांगितलंत."

"ते सांगितलं असतं तर हेही सांगावं लागलं असतं. चावले का नाहीत, हे विचारलंच असतं त्या पोरीने. चौकस आहे ती. जर्दाळू म्हटलं की तिचं नाव. न चावता म्हटलं की तुझं. दोघींच्या मध्ये मी कुठे तोंड उघडू?" आणि मग डोळे मिटून, जरा चिडूनच म्हणाल्या, "तुम्हा दोघींना वाटतं, म्हातारी कुणा एकीची आहे. ओढताय नुसत्या इकडून तिकडून. मी काय पार्सल आहे?"

मी विचारायचं नव्हतं ते विचारलं. "मग तिकडे जायला हो का म्हणालात?"

"हो कधी म्हणाले? बघू म्हणाले. तिला नाही म्हणवेना आणि तुझ्यासमोर हो म्हणवेना."

धाकटे, चौदा तारखेच्या पत्रात मी लिहिलंय, माझ्यासाठी या जन्मात कोणी इतकं गप्प बसलेलं नाही. ते वाक्य तेवढं खोड. माझ्याने खोडवेना, तुझ्या हाताने खोडलेलं बरं. तुझ्या वाट्याला आलेलं ते गप्प बसणं बघून मी जळून खाक झाले होते, आणि त्यातला अर्धा वाटा माझ्याच नावे होता. माझाच जरा जास्त असेल. तुझे जर्दाळू तोंडात काही क्षण राहायचे. माझी कवळी तासन् तास. बघ, इथेही मी माझा वाटा मोठा करून घेतला. स्वभावाला औषध नाही.

ह्यांना मी ट्रेचं सांगितलं, कवळीचंही सांगितलं. दोन्ही एकदम सांगितलं, म्हणजे कुणा एकीचं पारडं जड व्हायला नको. ह्यांनी हातातली औषधांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे आईला तुम्ही दोघींनी मिळून जेवू घातलं." त्यांच्या विनोदावर मी एरवी हसत नाही. भाऊजींना काय सांगायचं ते तू ठरव.

सर्जनबाईंनाही सांगितलं. मीच गेले त्यांच्या खोलीत. म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही लिहून घेतलेलं माझं उत्तर चुकीचं आहे. दोन्ही उत्तरं." त्यांनी ऐकून घेतलं, कागदावर काहीतरी दुरुस्त केलं. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत, पुढच्या वेळी मी आजींना एकटीला विचारीन." मला ते लागलं. पण बरोबर आहे.

उद्या-परवा आईंना घरी सोडतील. जखमा भरेपर्यंत कवळी बंद. मग दंतवैद्याकडे, त्या वाचवलेल्या मधल्या माणसाकडेच, आणि तो जितक्या वेळा बोलावेल तितक्या वेळा. नवी कवळी बसली, टाके नीट मिळाले, सर्जनबाईंनी प्रवासाला परवानगी दिली, की आई तुझ्याकडे येतील. आज त्यांना सरळ विचारलं. बाहेर व्हरांड्यात उभी राहून, दाराआडून विचारलं, म्हणजे माझं तोंड बघून उत्तर द्यायला नको. आतून आवाज आला, "जाईन की. खिडकी बघायची आहे तिची. पण परतही येईन. माझी वाटी इथे आहे." तेव्हा पलंग राहू दे खिडकीजवळ. तू त्यांना नेत नाहीयेस, मी त्यांना पाठवते आहे. यात फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा आहे.

तिथे त्यांचं तोंड तू बघत जा. "बरी आहे गं" यावर विश्वास ठेवू नकोस. त्या भिंतीकडे बघायला लागल्या की समज, काहीतरी आहे. हे मी तुला सांगते आहे, याची मला स्वतःलाच गंमत वाटते. एवढी एकच गोष्ट मला त्यांच्याबद्दल तुझ्यापेक्षा जास्त कळली होती, तीही देऊन टाकली.

काल त्या म्हणाल्या, "थोरले, धाकटीचा डबा आता बंद का?" इतकं होऊन. सर्जनबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "काही दिवसांनी चालेल. रात्रभर भिजवायचे, बारीक चिरायचे, मगच द्यायचे. अख्खा एकही नाही." तेव्हा पाठव. मी भिजवीन, मी चिरीन. डबा कपाटात ठेवीन, पण त्या खणाची किल्ली आईंच्या उशाशी. माझ्या जुडग्यातून ती मी आजच काढली. जुडगा हलका लागतो, आणि वाजतही जरा कमी.

आणखी एक. मी मागे लिहिलं होतं की मला नको, दाताला चिकटतं. ते खोटं होतं, ते तू वाचलंच असशील. तेव्हा डबा जरा मोठा पाठव, आणि पोस्टमनला या वेळी दारात माझं नाव वाचू दे. पत्ता तोच आहे. नाव तेवढं बदल.

– तुझी वहिनी